तळाची मूठ

"पप्पा, आपल्या पेटीचा तळ तुमी शेवटचा कधी बघितला?"

मित्रांनो, हा प्रश्न रंजिताने भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर विचारला. पण तो तिच्या एकटीच्या डोक्यातला नव्हता हं! बाहेर पायरीवर पारू आणि रविना या तिच्या मैत्रिणी तोंडावर ओढणी धरून फिदीफिदी हसत उभ्या होत्या. त्यांनीच तिला चढवून आत पाठवलं होतं. "विचारून दाखव! नाय विचारलंस, तर प्रोजेक्टवर तुझं नाव सगळ्यात खाली."

सुनिलच्या, म्हणजे रंजिताच्या पप्पांच्या हातातलं पत्र्याचं माप हवेतच थांबलं. चहाची भुकटी काट्याच्या बाहेर सांडली. "गिऱ्हाईक हाय, दिसत नाय का? बाजूला हो," एवढंच तो म्हणाला आणि त्याने झाकण धाडकन लावलं.

माझं झाकण! कारण ज्या पेटीबद्दल हे सगळं चाललं होतं, ती मीच.

मी एक जुनी चहाची पेटी आहे. शहापूरच्या बाजारपेठेत, सुनिलच्या छोट्या दुकानात, मागच्या भिंतीला टेकून मी उभी असते. प्लायवूडचं अंग, कडांना पत्र्याच्या पट्ट्या, आणि पोटाशी बागेचं नाव काळ्या शाईने छापलेलं. ते आता कुणालाच वाचता येत नाही, मलाही नाही. सुनिलला मी अरेतुरे करते याचा राग मानू नका. मी त्याला हाफ पँटीत पाहिलंय, माझ्याच झाकणावर बसून पेरू खाताना.

माझा जन्म आसामातला. तिथल्या एका चहाच्या बागेत मला ठोकून ठोकून उभं केलं, आतून चंदेरी कागद लावला आणि गरम, सुवासिक चहा माझ्यात ओतला. मग मला गदागदा हलवलं. घाबरू नका, ते शिक्षा म्हणून नसतं! चहा नीट बसावा म्हणून असतं. पुढे मालगाडी, मुंबईचं गोदाम, मग ट्रक. माझ्याबरोबरच्या पेट्या कुठे कुठे गेल्या देव जाणे. एकीत म्हणे कुणी कोंबड्या ठेवल्या, एकीत शाळेची पुस्तकं. आता तर चहा कागदी पोत्यांतून येतो, आमची जातच संपली. मी मात्र देवजी आबांच्या हाती लागले आणि आयुष्यभर चहाचीच राहिले.

देवजी आबा म्हणजे सुनिलचे वडील. उंबरमाळीकडच्या डोंगरात त्यांची थोडी भातशेती होती. ती भावांच्या हवाली करून ते खाली शहापुरात आले आणि एक गाळा, एक तराजू आणि एक मी, एवढ्यावर त्यांनी दुकान थाटलं. पण माणूस डोंगर उतरला तरी त्याची भाताची सवय थोडीच उतरते? आबा माझ्याकडे कणगी असल्यासारखंच बघायचे. कणगी तुम्हाला माहीत आहे ना? भात साठवायची, बांबूची विणलेली, शेणामातीने सारवलेली. त्यांच्या गावाकडे कणगी कधी पूर्ण रिती ठेवत नाहीत. नवं भात भरायच्या आधी जुन्यातली एक मूठ तळाला ठेवायची. म्हणजे नवं घरात येतं तेव्हा त्याला 'ये' म्हणायला जुनं कुणीतरी असतं.

तीच रीत आबांनी मला लावली. दर दिवाळी पाडव्याला.

आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे. पाडव्याच्या सकाळी आबा मला उचलून दुकानाबाहेर आणायचे आणि चक्क पालथी घालायचे. उरलेला चहा कापडावर काढायचे. माझे कोपरे कोरड्या फडक्याने पुसायचे. मग दिवसभर मी रस्त्याच्या कडेला उन्हात! येणारे-जाणारे थट्टा करायचे, "काय देवजी, पेटीला सुट्टी का?" आबा म्हणायचे, "तिला पण अंग शेकू दे की रे." आणि संध्याकाळी, दिवे लागल्यावर, मला आत नेऊन काढलेल्या चहातली एक मूठ, एकच, ते तळाला ठेवायचे. ठेवताना हात जोडायचे. मग त्यावर नवा चहा.

लहानपणी दिवाळीत सुनिल डोंगरावर काकांकडे असायचा, आणि मोठा झाल्यावर तो आसनगावच्या बाजूला एका कारखान्यात कामाला लागला. पाडव्याला त्याला सुट्टी नसे. तो घाईघाईने दुकानात पोहोचायचा तेव्हा दिवे लागलेले असायचे आणि आबा मूठ ठेवत असायचे. म्हणजे त्याने अर्धीच रीत पाहिली, बरं का. संध्याकाळची. सकाळची कधीच नाही.

माझं वर्ष तुमच्या कॅलेंडरसारखं जानेवारीला सुरू होत नाही. पाडव्याला मी गळ्यापर्यंत भरलेली. मग पौषात मुरबाडजवळ म्हसाची जत्रा येते. बैल, घोंगड्या, पाळणे, आणि थंडीत कुडकुडणारी माणसं! तिथल्या चहाच्या टपऱ्यांसाठी माझ्यातून पिशव्या भरभरून चहा जायचा. मग लग्नं. मग आवणी, म्हणजे भाताची लावणी. चिखलात वाकून काम करणाऱ्या माणसांना चहा वेळेवर गेला नाही तर रोपं बांधावरच राहतात! त्यामुळे आवणीत मी भराभर उतरायचे. आणि गणपतीत मुंबईचे पाहुणे आले की उरलंसुरलं खलास. दसऱ्याला माप माझ्या तळाशी खडखडायचं. तो खडखडाट मला फार आवडायचा. वर्ष कामी आलं असं वाटायचं.

माझे दोन शेजारी पण आहेत हं. उजवीकडे कॉफीचा डबा. हा पूर्वी अगदी शिष्ट होता. तालुक्याच्या ऑफिसात बदलून आलेले साहेब सोडले तर त्याच्याकडे कुणी बघायचं नाही, वर्षाच्या शेवटी तो जवळजवळ भरलेलाच. आता मात्र उन्हाळा आला की कॉलेजची पोरं कोल्ड कॉफीसाठी त्याचा फडशा पाडतात. डावीकडे कोकोची बरणी. ती सगळ्यात धाकटी. लॉकडाऊनमध्ये सगळ्या शहापुराने घरात बसून कुकरमध्ये केक केले, तेव्हा तिचं एकदम नशीब उघडलं! पुढे कोको महागला तशी ती अर्धीच भरायला लागली. पण वाढदिवस काही महाग झाले म्हणून थांबत नाहीत, त्यामुळे ती अर्धीसुद्धा टिकत नाही. हे दोघे असे वर-खाली होत राहिले. त्यांना त्याचा त्रास नाही. डबा रिकामा झाला की अनिता, म्हणजे रंजिताची आई, तो घासून पालथा घालते आणि मगच भरते.

मला मात्र कुणी पालथं घातलं नाही. आबा गेल्यानंतर कधीच नाही.

आबा एका थंडीत गेले. पाडव्याला मूठ ठेवली होती, आणि म्हसाच्या जत्रेला ते नव्हते. सुनिलने कारखाना सोडला आणि गल्ल्यावर येऊन बसला. चांगलं सांभाळलं त्याने, मी खोटं का बोलू? पण पुढच्या दसऱ्याला माप माझ्या तळाशी पोहोचलं, आणि तो एकदम थांबला. वाकून माझ्यात बघत राहिला. अनिताने विचारलं, "काय झालं हो?"

"आबांच्या हातची मूठ हाय ती," तो म्हणाला. आवाज माझ्या आतच घुमला. "तिच्यापर्यंत नको जायला."

पाडव्याला त्याने आबांसारखेच हात जोडले, त्या वर्षीच्या चहातली आपली एक मूठ वरून ठेवली आणि नवा चहा ओतला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही वर्षी तेच. माप दर वर्षी आणखी थोडं वरच थांबायला लागलं; मूठ म्हणता म्हणता ओंजळ झाली, ओंजळीचा थर झाला. मागच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, तिने माझ्या तळाच्या कोपऱ्यातला चंदेरी कागद खाल्ला. आणि मित्रांनो, चहा ही फार हळवी वस्तू आहे. जवळ जे असेल त्याचा वास ती आपल्या अंगी घेते. फुलाजवळ ठेवा, फुलाचा घेईल. ओल्या भिंतीजवळ ठेवा, भिंतीचा घेईल!

पाडव्यानंतर काही महिने सगळं ठीक असायचं. माप वरून जायचं, वरचा चहा नवा. पण आवणीपर्यंत मी उतरले की खालचा कुबट वास वर यायला लागायचा. मला ओरडून सांगता येईना. गिऱ्हाइकं बोलली नाहीत, नुसती यायची थांबली. दुकानाच्या दारात कंपनीच्या पाकिटांच्या माळा लटकल्या आणि त्यांच्यामागे मी दिसेनाशी झाले. शेजारचा पंकज, मोबाइलची कव्हरं विकणारा, अधूनमधून येऊन माझ्या जागेकडे बघून म्हणायचा, "काका, ह्या कोपऱ्यात माझं एक स्टँड मस्त बसेल. भाडं देतो ना." यंदा तर सुनिल त्याला म्हणाला, "म्हसाची ऑर्डर आली तर बघू. नायतर दिवाळीनंतर सुटा चहा बंदच करतो. पाकिटं बरी."

म्हसाची ऑर्डर म्हणजे गुणाबाईची. मुरबाडच्या एसटी स्टँडजवळ तिची चहाची टपरी आहे आणि जत्रेत तिचा मोठा मांडव असतो. ती आबांच्या वेळेपासूनची. तिच्यासारखं घेणारं आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. म्हणजे गुणाबाई 'हो' म्हणाली तर मी, 'नाही' म्हणाली तर पंकजची कव्हरं!

अशातच रंजिताच्या बाईंनी सुट्टीआधी प्रोजेक्ट दिलं. 'आपल्या परिसरातील चहा, कॉफी व कोको यांच्या साठ्यात वर्षभरात होणारे बदल.' बाकीच्या गटांनी तोंडं वाकडी केली. रंजिताने टुणकन उडी मारली! तिच्या घरचंच दुकान! ही तीच मुलगी बरं, जी मागच्या वर्षीपर्यंत गिऱ्हाइकाने 'साखर आहे का' विचारलं तरी आईच्या मागे लपायची. यंदा तिला खो-खोच्या टीमची कॅप्टन केलं आणि कुठून आवाज आला कुणास ठाऊक. आता तो आवाज दुकानात मावत नाही.

तिघी जणी झाडूचा दांडा घेऊन माझ्यापुढे बसल्या. आधी बाहेरून माझी उंची मोजली आणि दांड्यावर खडूने खूण केली. मग झाकण काढून दांडा आत खुपसला. दांडा चहातून सरसर गेला आणि मध्येच टक्कन अडला.

"झालं, तळ लागला," पारू म्हणाली.

"नाय गो," रविनाने दांडा बाहेर काढून खूण बघितली. "बाहेरून एवढी, आतून एवढीशी? मधली वीतभर पेटी गेली कुठे?"

"तुझ्या पप्पांनी गुप्तधन ठेवलंय!"

"खालती भूत बसलंय चहा पीत!"

रंजिता हसली, पण तिने पुन्हा दांडा घातला. पुन्हा टक्क. मग तिने दांड्याचं टोक नाकाशी नेलं आणि नाक मुरडलं. "याला आवणीतल्या चहाचा वास येतोय," ती म्हणाली. "आठवतंय? मामाच्या शेतावर सगळे बोलले व्हते, चहा कसातरीच लागतो म्हणून. आणि दिवाळीत तोच चहा चांगला लागतो. पेटी भरली की चांगला, उतरली की वाईट. असं का?"

"मग विचार ना पप्पांना, तळ कधी बघितला व्हता ते. डेअरिंग हाय का?"

डेअरिंग होतं. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

सुनिलने माझं झाकण लावलं खरं, पण प्रश्न काही आत बंद झाला नाही. तेवढ्यात पायरीवरच्या दोघींना बाजूला सारत, कापडी पिशवी सांभाळत, खुद्द गुणाबाईच आत आली. ऊन खाऊन दमलेली. बाकावर टेकली आणि पाण्याचा तांब्या हातात घेऊनच म्हणाली, "सुनिल, रागवू नको रे. म्हसाचा चहा मी यंदा कल्याणवरनं आणनार हाय."

सुनिल काट्याबाहेर सांडलेली भुकटी बोटाने गोळा करत राहिला.

"तुझा बा व्हता तवापासनं घेते. पण आवणीत तू दिलास तो चहा मी ओतून दिला. माणसं कप अर्धा ठेवून जायला लागली रे. टपरीवर माणूस कप अर्धा ठेवून गेला ना, तो उद्या येत नाय."

"गुणाआजी, मी सांगू का कशाने?" रंजिता मध्येच. "पेटीच्या तळाला काहीतरी हाय. कडक. आमी मोजलं. वीतभर."

"रंजे, गप."

"खरंच पप्पा! दांडाच जात नाय खाली. आपण सगळं काढून बघू या ना. आत्ताच पालथी घालू!"

"पेटी पालथी नाय घालायची!" सुनिल इतका जोरात बोलला की पायरीवरच्या दोघी हसायच्या थांबल्या. मग त्याचाच आवाज खाली आला. "तळाला आबांची मूठ हाय. त्यांच्या हातची शेवटची. ती मी काढनार नाय. कुणाला काढू पण देनार नाय."

रंजिताला हे नवीनच होतं. तिचं तोंड उघडंच राहिलं. 

मलाही तेव्हा काय वाटलं सांगू? माझ्या तळाशी एक माणूस आपल्या बापाला जपत होता, आणि त्या जपण्यानेच माझा चहा कुजत होता. मी दोघांपैकी कुणाची बाजू घेणार?

गुणाबाईने तांब्या खाली ठेवला. "कुठली मूठ?" तिने विचारलं.

"पाडव्याची. आबा ठेवायचे ना, नवा चहा भरायच्या आधी."

"ती व्हय." गुणाबाई पदराने कपाळ पुसत हसली. "अरे, ती मूठ देवजी दर पाडव्याला बदलायचा की! सकाळी ह्या पेटीला बाहेर आनून उलटी करायचा. सगळं काढायचा, मागच्या पाडव्याची मूठ पण. ह्या रस्त्यावर दिवसभर तिला ऊन खायला ठेवायचा. मी दिवाळीचा चहा न्यायला यायचे ना, मला म्हनायचा, गुणाबाय, बस, पेटी सुकल्याबिगर चहा भेटनार नाय. एकदा माझी मुरबाडची गाडी चुकली त्याच्यापायी!"

"मी कधी नाय बघितलं," सुनिल म्हणाला.

"तू कुठनं बघशील? तू कारखान्यात. तू यायचास दिवे लागल्यावर."

 सुनिल माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्या डोळ्यांत त्या सगळ्या संध्याकाळी येताना पाहिल्या, धावत येणारा तो, हात जोडलेले आबा, आणि नुकतीच आत आणलेली, अजून उन्हाने कोमट असलेली मी. त्याने कधी हात लावून पाहिलंच नव्हतं.

"पाडवा झाला की एक चक्कर टाकते," गुणाबाई उठत म्हणाली. "चव बघीन. मग सांगीन म्हसाचं. आत्ता नाय बोलत."

पाडव्याला सकाळी सुनिल, अनिता आणि रंजिता तिघंही आटगावच्या घरून एकाच मोटरसायकलवर आले. पांढरं धुतलेलं कापड अनिताने पायरीसमोर अंथरलं. वरचा चांगला चहा त्यांनी आधीच डब्यात वेगळा काढून ठेवला होता. सुनिलने मला मिठी मारल्यासारखं धरलं आणि बाहेर आणलं. किती वर्षांनी! रस्ता केवढा बदलला होता, आणि ऊन अगदी तेच.

त्याने मला आडवी केली, पण पालथी करेना. हात तसेच. अनिता म्हणाली, "मी करू का?" त्याने मान हलवली आणि एका झटक्यात मला उलटं केलं.

आधी काहीच पडलं नाही. मग रंजिताने माझ्या पाठीवर थापट्या मारल्या, आणि धप्पकन एक काळाकुट्ट गोळा कापडावर आला. तो फुटला तसे त्यात थर दिसले. एक तपकिरी, एक काळा, एक राखाडी, बुरशीचा. एकावर एक. "पप्पा, हा एकेक पाडवा हाय," रंजिता हळू आवाजात म्हणाली. या मुलीला हळू आवाज आहे हे मला त्या दिवशी कळलं.

सुनिल उकिडवा बसला. सगळ्यात खालचा, कोपऱ्याला चिकटून राहिलेला चहा त्याने बोटांनी खरवडून काढला. तो एवढासाच होता, तळहातावर मावेल इतका. त्याने तो नाकाशी नेला आणि डोळे मिटले. कशाचा वास येईल असं त्याला वाटलं असेल? आबांच्या तपकिरीचा? त्यांच्या धोतराचा?

त्याने डोळे उघडले. "भिंतीचा वास येतोय," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "आबांनी हे बघितलं असतं ना, मला हाणला असता."

"दोनदा," अनिता म्हणाली.

आणि तो हसायला लागला. हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले, पुन्हा हसला. रंजिता त्याच्या पाठीला पाठ लावून बसली. तो तळचा चहा अनिताने कागदात बांधून घेतला. "परसात शेवग्याच्या बुडाशी घालते," ती म्हणाली. "आबांनीच लावलाय तो."

मग दिवसभर मी उन्हात! माझ्या फळ्या कुरकुरल्या, कोपऱ्यांतली ओल सुटली. एक कोंबडी आत डोकावून गेली. दुपारी पंकज धावत आला. "काका, टाकताय का? मला कव्हरं ठेवायला द्या ना."

"टाकत नाय," रंजिता कमरेवर हात ठेवून म्हणाली. "वाळवतोय. सरक, सावली पडते तुझी."

संध्याकाळी त्यांनी मला आत नेलं. भिंतीपासून हातभर पुढे, खाली दोन विटा ठेवून. आत नवा चंदेरी कागद लावला, जरा वाकडातिकडा लागला पण लागला. डब्यातल्या चहाची एक मूठ सुनिलने तळाला ठेवली आणि हात जोडले. त्याच्यामागे अनिताने आणि रंजितानेही जोडले. मग नवा चहा आला माझ्यात. मित्रांनो, आसामातला तो पहिला दिवस मला आठवला.

गुणाबाई भाऊबीज उरकून आली. सुनिलने पुढे केलेला कप तिने घेतलाच नाही. माझ्यातला चिमूटभर चहा हातावर चोळला, हुंगला, तो पुडीत बांधला आणि समोरच्या टपरीवाल्याला उठवून स्वतः त्याच्या स्टोव्हवर उकळत ठेवला. दुकानातून तिघंही टक लावून बघत होती. रंजिता नखं खात होती. गुणाबाईने फुंकर मारून एक घोट घेतला. दुसरा घेतला. चेहरा दगडासारखा! कप संपवला, उलटा करून झटकला आणि रस्ता ओलांडून आली.

"म्हसाचा चहा भरून ठेव," ती सुनिलला म्हणाली. "दर वर्सापेक्षा जास्त. थंडी मोप पडनार म्हनतात." आणि रंजिताचा गाल ओढून, "गो पोरी, जत्रेला ये. तुला माझ्या मांडवात बसवते, गिऱ्हाइकं बोलवायला. तुझा आवाज म्हसापासनं मुरबाडला जाईल."

त्या संध्याकाळी दुकान बंद करताना सुनिलने गल्ल्यापुढे उदबत्ती लावली. एक मला पण ओवाळली. मग माझ्या झाकणावर हात ठेवून अगदी समाधानाने म्हणाला, "शकुनाची मूठ पडली बघ या वर्षी. आता पेटीला कुणी हात लावायचा नाय. ही मूठ अशीच राहू दे तळाला, कायमची."

ऐकलंत? मी मनात कपाळाला हात लावला!

मित्रांनो, म्हणूनच मी ही सगळी हकीगत तुम्हाला सांगायला बसले. तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणीतरी असेल. एखादी पेटी, माळ्यावरचं पिंप, कोपऱ्यातल्या कपाटाचा खण, ज्याचा तळ 'आठवण आहे' म्हणून कुणी बघत नाही. आम्हाला जपा म्हणजे आम्हाला झाकून ठेवू नका. वर्षातून एकदा तरी पालथं घाला, पुसा, ऊन दाखवा. तुमच्या माणसाने आत काय ठेवलं होतं हे आठवताना ते कसं ठेवलं होतं, तेही कुणाला तरी विचारा. एवढं केलंत तर आम्ही पुष्कळ वर्षं तुमच्या कामी येऊ. आमचं दुसरं मागणं नाही.

मला ओरडता येत नाही. पण आता आमच्या दुकानात ओरडणारं कुणीतरी आहे. रंजिता शटरची काठी हातात घेऊन दारात उभी होती. तिने काठी खाली ठेवली आणि आई-पप्पांच्या मधोमध येऊन उभी राहिली, खो-खोच्या मैदानात उभी राहते तशी.

"पप्पा, आई, मी ठरवलंय," ती म्हणाली. "पुढच्या पाडव्याला पेटी मी पालथी घालनार. दहावी झाली, कॉलेजला कुठे पण गेले, तरी पाडव्याला सकाळी मी इथे येनार. आणि पप्पा, तुमी आत्ता ठेवलीत ना, ती मूठ मी काढून टाकनार. मग माझी ठेवीन. आत्ताच सांगते, तेव्हा रडायचं नाय."